घड्याळजीच्या पाटीखालचा पक्षी

४ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर हे सांगायला गेलो असतो तर अर्धं मला ऐकू आलं नसतं आणि उरलेल्या अर्ध्यावरून आपलं भांडण झालं असतं, म्हणून लिहितो. जन्मभर तू पोस्टात दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारलेस, आता घरचं एक वाच.

घड्याळजीचं दुकान बंद झालं. तो गेल्यावर दोन वर्षं मुलीनं रेटलं, पण हल्ली घड्याळ बिघडलं की लोक नवीनच घेतात. तिनं निरोप धाडला की काका, पाटी तुमच्या हातची आहे, हवी तर न्या, नाहीतर भंगारात जाईल. मी शिडी घेऊन गेलो. शिडीवर मी चढलो नाही, तिचा नवरा चढला. हे तुझी वहिनी तुला कळवेलच, त्याआधी मी कळवतो.

ही पाटी म्हणजे तीच. सत्तेचाळीस वर्षांत तू ती गोष्ट मला इतक्यांदा ऐकवलीस, की आता एकदा माझ्या तोंडून ऐक. तू तेरा वर्षांची, मी एकोणीस. आपल्या आप्पांच्या पाट्या रंगवायच्या दुकानात अस्तर मारलेली एक लाकडी फळी होती. डब्यांच्या तळाशी उरलेले तेलरंग खरवडून तू तिच्यावर एक पक्षी काढलास आणि त्याच्याभोवती तुझ्या मनातला मुलूख. पिवळं आभाळ, लाल तळं, पालथ्या वाट्यांसारखे हिरवे डोंगर. दोन महिने ती फळी भिंतीकडे तोंड करून उभी होती, कुणाच्या लक्षातही नव्हती. मग घड्याळजी आला आणि उद्या दुकान उघडतोय म्हणून दारात अडून बसला. दुसरी फळी तयार नव्हती. तू शाळेत होतीस. आप्पा म्हणाले, पांढरा मार आणि अक्षरं काढ. मी मारला आणि काढली. 'घड्याळे दुरुस्त करून मिळतील.'

काल गॅलरीत पाटी पुसत होतो, तर 'घ'च्या पोटातला पापुद्रा सुटला आणि खाली बोटाच्या पेराएवढं पिवळं दिसलं. त्या पाटीत मी पिवळा वापरलाच नव्हता. तो तुझ्या आभाळाचा आहे. वरचा रंग काढायला घेतोय. बघू.

गुडघा ठीक. तुझ्या यजमानांना नमस्कार सांग आणि त्यांना म्हणावं, गोड कमी खा.

तुझा,
दादा

११ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दिवसभर हाताला काम सुचलं नाही. वरण दोनदा उतू गेलं. हे म्हणाले, झाली का घड्याळजीची पाटी! बघ, माझ्या सासरीसुद्धा ती म्हण पोचली. ती पाटी दुसऱ्याच वर्षी पापुद्रे टाकायला लागली आणि तेव्हापासून आपल्या घरात जे जे बिघडलं ते ते घड्याळजीची पाटी झालं. करपलेलं दूध, उसवलेली शिवण, माझं गणित. आप्पांनी तर चारचौघांत तुला सोडलं नाही. म्हणून काळजी वाटते. दादा, पाटीची तू पुन्हा घड्याळजीची पाटी करशील.

मला तर वाटतं, राहू दे. पण राहू दे म्हणवतही नाही. तो पक्षी मला अजून लख्ख दिसतो. तळ्यावरून झेप घेतलेला, दोन्ही पंख उघडलेले, मान पुढे काढलेली. निळा रंग सगळा दूधवाल्याच्या पाटीत संपला होता, म्हणून आभाळ पिवळं केलं. चित्रकलेच्या बाई सोमवारी बघायला येणार होत्या. त्या आल्या आणि मी त्यांना काय दाखवलं? घड्याळे दुरुस्त करून मिळतील. त्यानंतर मी ब्रश हातात धरला नाही. हातात आला तो शिक्का.

आता माझी अट ऐक. तो पक्षी मी सांगितला तसा निघाला तरच मला दाखव. माझ्या लेकीला मी तो सांगितलाय, नातीला सांगितलाय, पोस्टात डब्याच्या वेळी ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांना सांगितलाय. मोडकातोडका निघाला तर पाटी जाळून टाक आणि मला लिही की खाली काही नव्हतं. मी विश्वास ठेवीन.

वहिनीला नमस्कार. आपला जीव सांभाळून काम कर, मग माझा पक्षी.

तुझी,
धाकटी

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मेटाकुटीला आलोय. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवायचा, अक्षरावर दाबून धरायचा, शंभर मोजायचे, मग लाकडी पट्टीनं हलक्या हातानं उचलायचं. दिवसाला तळहाताएवढी जागा होते, तीही ऊन चांगलं असेल तर. वासानं तुझ्या वहिनीचं डोकं चढतं, म्हणून मला गॅलरीत हाकललंय. तिथं वारा येतो, वाऱ्यानं बोळा सुकतो, बोळा सुकला की मी बोलतो, आणि मी बोललो की शेजारीण खिडकी लावून घेते. चष्म्याचा नंबर वाढलाय तो वेगळाच.

एवढं मात्र आहे की काही ठिकाणी अक्षरं लोण्यासारखी सुटतात. कुठं कुठं मात्र चिकटून बसलीत मुंगळ्यासारखी.

सगळ्यात जास्त त्रास स्वतःच्या अक्षरांचा होतो. पन्नास वर्षं पाट्या रंगवल्या, पण एकोणिसाव्या वर्षीचा तो 'घ' मला पुन्हा कधी तसा जमला नाही. आणि तोच मी पट्टीनं खरवडतोय. तुझा पक्षी काढायचा तर माझी पाटी मोडायची. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी उलटं झालं होतं, तेव्हा फिट्टमफाट समज.

आजवर हाती लागलं ते: तळ्याचा काठ, दोन डोंगर, आणि पक्ष्याचा एक पाय.

वहिनी म्हणते, तिच्या वाटणीचा आशीर्वाद तिनं स्वतः लिहिलाय असं समज. माझ्या हातांमुळे पत्राला स्पिरिटचा वास लागलाय म्हणून ती त्याला हात लावत नाही.

तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एक पाय म्हणजे काय? कुठला पाय? माझा पक्षी उडत होता. उडणाऱ्या पक्ष्याचे पाय पोटाशी असतात. तो पाय कुठं आहे ते लिहायचं सोडून तू शेजारणीच्या खिडकीवर चार ओळी घालवल्यास.

हे म्हणतात, कदाचित पाय घड्याळाचा असेल, लंबकाचं काहीतरी. ह्यांना मी उत्तर देत नाही.

दादा, मला झोप लागत नाही असं नाही, पण दुपारी लवंडले की डोळ्यांसमोर तोच पाय येतो. लवकर कळव. आणि लपवून काही ठेवू नकोस. लहानपणी फुटलेली बरणी लपवताना तुझे कान लाल व्हायचे. पत्रात कान दिसत नाहीत याचा फायदा घेऊ नकोस.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी

६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

झालं एकदाचं. पक्षी निघाला. तू म्हणत होतीस तसाच आहे. पंख उघडे, मान पुढे, तळ्यावरून निघालेला. पायाचं म्हणशील तर ती गवताची काडी होती, मला पाय वाटला. म्हातारे डोळे.

उजवीकडचा खालचा कोपरा तेवढा वाचला नाही. तिथं वरचा पांढरा खालच्या रंगाला असा घट्ट बसला होता की दोन्ही एकत्रच आले. बाकी सगळं आहे.

जाड पुठ्ठ्यात बांधून पार्सलनं पाठवतोय. महिनाभर चित्राला हात लावू नकोस, पुसू नकोस, उन्हात ठेवू नकोस. लांबून बघ. लांबूनच चांगलं दिसतं.

इकडे सगळं क्षेम. जास्त लिहीत नाही, हात दुखतोय.

तुझा,
दादा

१५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. (नमस्कार रीत म्हणून घातलाय. मनातून नाही.)

पार्सल उघडलं आणि पहिल्या मिनिटाला मी रडले. दुसऱ्या मिनिटाला चष्मा लावला.

दादा, ती शेपटी कुणाची? तिच्या टोकाला जी दोन वाटोळी वळणं आहेत, ती तुझ्या 'ळ'ची आहेत. तुझा 'ळ' मी झोपेतसुद्धा ओळखीन. लहानपणापासून गावातल्या प्रत्येक दुकानावर तो बघत आलेय. आणि ते पंख! एका दमात ओढलेली रेघ, कुठं अडखळ नाही, कुठं थरथर नाही. तेरा वर्षांच्या पोरीनं उरलेल्या रंगात चोरून काढलेलं चित्र असं असतं? पोटाखाली बोट लावलं (हो, लावलं), तर बोटाला हिरवं आलं. सत्तेचाळीस वर्षांचा रंग बोटाला येतो होय रे?

म्हणून लांबून बघ. म्हणून हात लावू नकोस. आणि गवताची काडी!

तू माझ्या पक्ष्यावर दुसऱ्यांदा रंग मारलास. पहिल्या वेळी निदान आप्पा पाठीशी उभे होते, तुझ्या हातात नव्हतं, असं मी इतक्या वर्षांत स्वतःला समजावून समजावून पटवलं होतं. ह्या वेळी तुझ्या पाठीशी कोण उभं होतं? गॅलरीत तू एकटा होतास. मला माझं चित्र हवं होतं, आणि मला पुन्हा तुझी पाटी मिळाली.

खाली काय होतं ते लिही. नाही लिहिलंस तर यापुढे पत्र पाठवू नकोस. फोन तर तुला ऐकूच येत नाही.

धाकटी

२१ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद. घेतलास तर तुझा, नाही घेतलास तर इथंच ठेवतो, शिळा होत नाही.

कान लाल झालेत. वहिनीनं बघितले आणि विचारलं, काय फोडलंत.

लिहितो. तुझा पक्षी उडत नव्हता. तो तळ्याकाठी जमिनीवर उभा आहे. पंख मिटलेले, मान वळवून मागे बघतोय. एक पाय दुसऱ्याच्या दुप्पट जाड आहे, सुजल्यासारखा. चोचीचा रंग ओघळून छातीवर आलाय. मी तो बघितला आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. सांगितला तसा निघाला तर दाखव, नाहीतर जाळ. सरपण म्हणून बघायला गेलो तर जाळवेना. खाली काही नव्हतं असं लिहायला बसलो तर लिहवेना. मग तिसरं काय उरलं? जन्मभर केलं तेच. गिऱ्हाईक सांगतं तसं रंगवायचं. तू पंख उघडे सांगितलेस, मी उघडले. पाय पोटाशी सांगितलेस, मी गवतात बुजवले. वाईट हेतूनं केलं नाही, पण न विचारता केलं, आणि तेही तुझ्याच चित्रावर. ही खोड मला कुणी लावली ते सांगत बसत नाही, आप्पा आता उत्तर द्यायला नाहीत.

माझ्यावर चिडायचं ते चीड. पण चित्र गेलेलं नाही. माझा रंग तीन आठवड्यांचा आहे, तो येईल. तुझा मुरलेला आहे, तो हलणार नाही. जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती फडकं घे, टर्पेंटाइनमध्ये नुसतं ओलं कर. घासू नकोस. टेकव आणि उचल, टेकव आणि उचल. फडक्याची बाजू बदलत राहा. खिडकी उघडी ठेव. स्पिरिट मात्र चुकूनही लावू नकोस. आणि हे काम तूच कर. मी येऊन करून देतो असं लिहिणार होतो, ती ओळ खोडली.

तुझा,
दादा

८ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि. (ह्या वेळी कंसात काही नाही.)

तीन फडकी आणि दोन सकाळी लागल्या. तुझे पंख आधी गेले. खरं सांगू? पुसताना जिवावर आलं, इतके सुरेख होते. हे बाजूला उभे राहून म्हणाले, एक तरी ठेव. मी म्हटलं, एका पंखाचा पक्षी मिरवायचा का?

मग माझा पक्षी आला. जाड पायाचा, ओघळलेल्या चोचीचा. मला भयंकर राग आला, आणि पहिल्यांदाच तो तुझ्यावर नव्हता. एवढ्याशा पक्ष्यासाठी मी सत्तेचाळीस वर्षं तुला बोलले! जे चित्र मी लेकीला, नातीला सांगितलं, ते मी काढलंच नव्हतं. सांगता सांगताच मी त्याला उडवलं होतं. चार दिवस पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली, तेव्हा दुकानात होती तशीच.

पाचव्या दिवशी झाडताना सरळ केली आणि बघत राहिले. तो मागे वळून का बघतोय, ते मला आठवलं. मी रंगवताना दर दोन मिनिटांनी दाराकडे बघायचे, आप्पा आले का म्हणून. तेच त्याच्या मानेत उतरलंय. पंख मिटलेत कारण मी अंग चोरून बसले होते. दादा, पाय बेढब आहे, पण ती मान कुणालाही जमणार नाही. तुलासुद्धा नाही.

म्हणून चौकट करायला नेली. आणि आता मुख्य गोष्ट.

चौकटवाला जुना माणूस आहे. त्यानं फळी उजेडात तिरपी धरली, कडेला नख लावलं, वास घेतला आणि विचारलं की ह्या चित्रावर लाखेचा हात कुणी दिला होता. मी म्हटलं, कुणी नाही, चित्रावर सरळ पाटी रंगवली होती. तो हसला. म्हणाला, बाई, तसं असतं तर वरचा रंग काढताना चित्राचा चिखल झाला असता. कुणीतरी आधी चित्र लाखेखाली झाकलं आणि मग पांढरा मारला. स्पिरिटनं लाख विरघळली म्हणून वरचं सुटून आलं. मग म्हणाला, पण ज्यानं हे केलं त्यानं पाटीची वाट लावून घेतली. लाखेवर तेलरंग धरत नाही, वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे टाकतो, हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं.

मी त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसले. त्यानं पाणी दिलं.

अक्षरं लोण्यासारखी सुटतात, असं तू लिहिलं होतंस. मी ती ओळ वाचून पुढे गेले, पायाच्या मागे. दादा, तुला ठाऊक होतं. पाटी बिघडणार हे ठाऊक असून तू तो हात दिलास, आणि मग आप्पा जाईपर्यंत गावभर घड्याळजीची पाटी म्हणून घेतलंस. मीही म्हटलं. ह्या जानेवारीतसुद्धा म्हटलं.

का बोलला नाहीस? उत्तर दे. फोन करू नकोस, त्यात ओरडावं लागतं, आणि मला तुझ्यावर ओरडायचं नाही.

तुझी,
धाकटी

१४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या चौकटवाल्याला फार बोलायची सवय दिसते.

आप्पा जेवायला गेले होते. डब्यात लाख थोडीच होती, एकच हात बसला. त्या संध्याकाळी तुला सांगणार होतो, पण तू तीन महिने माझ्याशी बोलली नाहीस. बोलायला लागलीस तोवर मला वाटलं, आता जखमेची खपली कशाला काढा. मग पाटी सोलायला लागली. मुद्दाम बिघडवली असं आप्पांसमोर कोण सांगणार? पुढे गोष्ट शिळी झाली, आणि शिळं गरम करून वाढणं मला जमत नाही. शिवाय लाख खरंच टिकली की नाही, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? 'घ'च्या पोटात पिवळं दिसलं तेव्हा कळलं.

लाख उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत पुरली नाही. तेवढं राहिलं माझ्याकडून. तिथंच तू तुझं नाव घातलं होतंस.

सोबत तीन नंबरचा ब्रश आणि काळ्या रंगाची ट्यूब आहे. नाव पुन्हा घाल. तुझं अक्षर पहिल्यापासून कावळ्याच्या पायासारखं, ते तसंच येऊ दे. रंग वाळला की मी बघायला येतो. हात मागे बांधून बघेन.

तुझा,
दादा